पिग्मीवाले आले काय?

परवा शनिवारी बाबांना म्हणलं, आता बास करा की, गुडघा दुखायलाय, बाहेर पाऊस आहे, एक दिवस नाही गेलं तर काय होतंय. तर म्हणाले, "शनिवार चुकवून कसं चालंल गं, शनिवारी बाजार असतोय, आज ज्यांच्या हातात पैसे दिसतात त्यांच्या हातात सोमवारी दिसत नाहीत." आणि पिशवी खांद्याला अडकवून गेले सुद्धा. काळी रेक्झिनची पिशवी, चेन दोनदा बदललेली. मी गॅलरीतून बघत राहिले, छत्री एका हातात आणि दुसऱ्या हातानं पिशवी पोटाशी धरलेली, गेली पस्तीस-छत्तीस वर्षं असेच जातात.

माझे बाबा पिग्मी एजंट. बेळगावात, निपाणीत, कोल्हापुरात कुणाला सांगायला लागत नाही, पण लांबच्या लोकांना समजावून सांगावं लागतं. रोज संध्याकाळी एक माणूस दुकानात येतो, तुम्ही त्याला दहा, वीस, पन्नास, जमेल तेवढे रुपये देता, तो लिहून घेतो आणि बँकेत किंवा सोसायटीत तुमच्या नावावर भरतो. वर्ष झालं की व्याजासकट एकरकमी पैसे हातात. अडचण आली तर त्याच्यावर लोन मिळतं. एवढंच. पण ह्या एवढ्याशा गोष्टीवर आमच्या पेठेतल्या किती घरांतली लग्नं, शाळेच्या फिया, दुकानाचे पत्रे, मागाच्या मोटारी उभ्या राहिल्यात ते मी लहानपणापासून बघत आलेय, म्हणून लिहायला बसले.

ही कल्पना आपल्याकडची नव्हे, समुद्राकडची. उडुपीला १९२५ साली उपेंद्र पै, वामन कुडवा आणि डॉ. टी. एम. ए. पै ह्यांनी एक छोटी बँक काढली, त्या वेळी किनाऱ्यावरचे हातमागवाले अडचणीत होते, त्यांना हात द्यायला. पुढं तिचीच सिंडिकेट बँक झाली. आणि १९२८ ला त्यांनी पिग्मी सुरू केली, रोज दोन आणे, घरी येऊन घेऊन जायचे. माणूस बँकेत येत नाही ना, मग बँकेनं माणसाकडं जायचं. बाबा ही गोष्ट इतक्या वेळा सांगतात की मला पाठ आहे, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणणार, "बघ, मागवाल्यांच्यापायी निघालेलं काम हाय हे."

त्यांना त्याचं एवढं का वाटतं तेही सांगते. आजोबा शहापुरात मागावर बसायचे. शहापूर म्हणजे आता बेळगावच, पण संस्थानांच्या काळात बेळगाव ब्रिटिशांकडं आणि शहापूर सांगलीकर पटवर्धनांकडं, त्यामुळं शहापूरची पेठ वेगळी, तिथले सराफ वेगळे, साड्यांचे व्यापारी वेगळे. घरातल्या खड्ड्यात माग, आजी शेजारी बसून कांड्या भरायची. इरकली घाटाच्या साड्या विणायचे. मग पॉवरलूम आले, मग सुरतेचा माल आला, बघताना तशीच दिसणारी साडी निम्म्याहून कमी किमतीत मिळायला लागली, आणि आजोबांचा माग आधी आठवड्यातून चार दिवस चालू मग दोन दिवस आणि मग त्याच्यावर अंथरुणं ठेवायला लागले. बाबा दहावीनंतर कापडाच्या दुकानात लागले आणि तिथंच एका पिग्मीवाल्या काकांनी त्यांना ह्या कामाला लावलं. शहापूर, खासबाग, वडगावात आजही गल्लीतून जाताना लूमचा खडखडाट येतो, पण आमच्या घरातला कधीचाच थांबला.

लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर फेरीला जायचे. रविवार पेठेतून सुरुवात, तिथं होलसेलवाले, गूळ, मिरची, डाळी, नुसतं त्या रस्त्यानं गेलं तरी शिंका यायच्या. मोठ्या दुकानदाराच्या पिग्मीपेक्षा त्याच्या दारातल्या हमालांची पिग्मी बाबांना महत्त्वाची, कारण शेटजींचे पैसे चार ठिकाणी असतात, हमालाचे तेवढेच. मग खडे बाजार, पांगुळ गल्ली, गणपत गल्ली. गणपत गल्लीत खाली बसून भाजी विकणाऱ्या बायका, कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा आसपासच्या गावांतनं येणाऱ्या, त्यांच्या बुट्ट्या, त्यात मेथी, लाल भाजी, पावट्याच्या शेंगा. एक आक्का होती, ती बाबा दिसले की लांबूनच कमरेची पिशवी काढायची आणि पैसे द्यायच्या आधी माझ्या हातात एक गाजर नाहीतर चार शेंगा ठेवायची. बाबा म्हणायचे राहू दे की, ती म्हणायची, "तुमाला न्हाई देत वो, पोरीला देत्ये."

एका फेरीत तीन भाषा व्हायच्या. मराठी तर आहेच. तेलाच्या दुकानातले अण्णा कन्नडमधनं, "इवत्त व्यापार इल्ल री, नाळे बर्री," म्हणजे आज धंदा नाही, उद्या या. भेंडी बाजाराकडं बांगड्यांचे चाचा, "आज कुछ नै हुआ भाई, कल डबल लेना." आणि बाबा ज्याला ज्या भाषेत पाहिजे त्या भाषेत उत्तर देणार. आमच्याकडं १ नोव्हेंबर आला की गावात काय वातावरण असतं ते सांगायला नको, एकीकडं राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं काळा दिन. मी मराठी माणूस आहे, १९५६ ला बेळगाव महाराष्ट्राकडं न येता आताच्या कर्नाटकात गेलं, त्याचं दुःख आमच्या घरातही आहे, आणि ते खोटं नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या अण्णांच्या दुकानात बाबा जायचेच आणि अण्णा पैसे काढून ठेवलेले असायचे. दोन्ही गोष्टी मी एकाच घरात वाढताना बघितल्यात. पाट्यांवर कन्नड मोठं करायचं झालं तेव्हा कितीतरी छोट्या दुकानदारांनी नवीन बोर्डाचे पैसे पिग्मीतनं काढले, हेही खरं आहे आणि ते मला अजून टोचतं. पोटाला चिमटा काढून साठवलेले पैसे असल्या खर्चाला गेलेले बघवत नाहीत.

बाबांना माणसाची परिस्थिती आकड्यावरून कळते. रोज पन्नास देणारा वीसवर आला की काहीतरी झालंय. वीसचा एकदम शंभर द्यायला लागला तरी ते विचारतात, कारण कधीकधी घर विकलेलं असतं. आणि जो "आज न्हाई" म्हणतो त्याची काळजी करायची नाही, जो काउंटर सोडून आत जातो त्याची करायची. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी दहावीत असेन, आता मी उद्यमबागेत एका फौंड्रीत अकाउंट्स बघते, मोठमोठ्या पार्ट्यांची पेमेंट्स बघते, तरी ह्याच्यापेक्षा चांगलं क्रेडिट रेटिंग मला कुणी शिकवलेलं नाही.

पैसे फुटायचे पण ठरलेले दिवस असायचे. जूनच्या आधी शाळा. गणपतीच्या आधी माल भरायला. रताळ्याच्या लोकांचं वेगळंच गणित, बेळगाव-खानापूरकडं पावसाळ्यात रताळी लावतात आणि नवरात्राच्या तोंडावर काढतात, उपासामुळं उत्तरेकडनं मागणी, ट्रकच्या ट्रक दिल्लीकडं जातात, त्या दिवसांत मार्केट यार्डात हमालांना रात्र रात्र काम. बाबा त्या महिन्यात हमालांकडं दोनदा जायचे, दुपारी आणि रात्री. "आता हातात हाय तवर घ्यायला पाहिजे," म्हणायचे. काही हमालांची अख्ख्या वर्षाची पिग्मी त्या पाच-सहा आठवड्यांत भरून निघायची. आणि मांडे करणाऱ्या बायका, बेळगावात लग्नाला मांडे लागतातच, त्यांची पिग्मी लग्नसराईत फुगायची आणि आषाढात बारीक व्हायची. धंदा म्हणजे सारखा चालणारा नळ नाही, कधी धो धो कधी थेंब, आणि छोट्या माणसाला मोठ्या दिवसातलं थोडं बारक्या दिवसासाठी ठेवणं जमलं तरच तो टिकतो. घरात ठेवलं तर राहत नाही. बँकेत जायला वेळ नाही. म्हणून कुणीतरी दारात यायला लागतं.

आता जे लिहिणार ते आमच्या घरात फारसं बोललं जात नाही. बाबांना विचारून लिहितेय.

मी बारावीत होते त्या वर्षी बाबा ज्या सोसायटीसाठी पिग्मी गोळा करायचे ती अडचणीत आली. नाव लिहीत नाही. कर्जं वाटली होती ती परत येईनात, एके दिवशी शटर अर्धं खाली आणि आतनं "उद्या या." खूप लोकांना माहीत नसतं, बँकेतल्या ठेवीला विमा असतो, आता ५ लाखांपर्यंत, पण पतसंस्था-सोसायटीतल्या ठेवीला तो नसतो. बोर्डावर काही लिहिलेलं असलं तरी सामान्य माणसाला सगळी बँकच वाटते. आणि त्या भाजीवाल्या आक्कानं चेअरमनचं तोंड कधी बघितलेलं नव्हतं, तिनं पैसे बाबांच्या हातात दिले होते. म्हणून सगळे आमच्या दारात. सकाळी सहाला बेल वाजायची. आई चहा करायची, लोक चहा प्यायचे आणि विचारायचे, "आमचे पैसे कुठं हाईत?" कुणी शिव्या दिल्या नाहीत असं नाही. एका टेलरकाकांच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं, त्यांनी बाबांना काय काय बोललं ते मी आतल्या खोलीत ऐकलं.

बाबांनी तेव्हा जे केलं ते मला त्या वयात कळलं नव्हतं. ते फेरीला जात राहिले. रोज. संध्याकाळी साडेसहाला रिकामी पिशवी घेऊन, रविवार पेठ, खडे बाजार, गणपत गल्ली, प्रत्येक दुकानाच्या पायरीशी थांबायचं, काय कळलंय ते सांगायचं, अर्ज कुठं करायचा ते सांगायचं, ज्याला लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यायचा. चार महिने. आई म्हणाली, कशाला जाताय अपमान करून घ्यायला. ते म्हणाले, "मी गेलो न्हाई तर म्हणतील पळाला." कमिशन शून्य, घर आईच्या शिवणकामावर आणि मामाच्या मदतीवर. पैसे परत आले, पण पुढं कैक वर्षांनी आणि तुकड्या-तुकड्यांनी, आणि सगळ्यांचे सगळे आले असंही नाही. टेलरकाका पुन्हा कधी बाबांशी बोलले नाहीत. ते वारले तेव्हा बाबा गेले, मागं उभे राहून परत आले. आणि आक्का? तिनं पाचव्या महिन्यात विचारलं, "दुसरी कुठली बँक बघितलासा काय न्हाई? आमी पैशे ठेवायचं कुठं?" बाबांनी दुसऱ्या एका बँकेत एजन्सी घेतली, ह्या वेळी विमा असलेली बँक बघून, आणि पहिलं खातं तिचं.

मला त्या सोसायटीवाल्यांचा आजही राग आहे. कर्ज बुडवणाऱ्यांची नावं सगळ्यांना माहीत होती आणि मान खाली घालून चालायची वेळ आली ती शेकड्याला तीन रुपये मिळवणाऱ्या माणसावर. पिग्मी एजंटांना बँकेचे नोकर म्हणायचं की नाही हा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला होता, २००१ साली निकाल लागला, हे कामगार आहेत पण कायम नोकर नव्हेत असं. बाबांना तो निकाल माहीत आहे. त्याच्यावर ते एकच बोलतात, "पेन्शन न्हाई, पण रिटायरपण कोण करत न्हाई."

नंतरची वर्षं भराभर गेली. ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटा बंद झाल्या, बाबांच्या पिशवीत त्या संध्याकाळचं कलेक्शन होतं, त्यात पाचशेच्या किती नोटा होत्या ते मोजत रात्री बसलो होतो. मग जीएसटी, मग २०१९ चा ऑगस्टचा पाऊस, बळ्ळारी नाल्याचं पाणी येळ्ळूर-वडगावच्या शिवारात, भाताची लावणी गेली, विणकरांच्या घरात पाणी. त्या वेळी पिग्मी मोडायला रांग लागली. आणि मग २०२०.

२५ मार्चला लॉकडाऊन, बरोबर एक आठवड्यानं, १ एप्रिलला, सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. पेपरात कोपऱ्यात बातमी होती. बाबा बराच वेळ ते वाचत बसले. त्यांची ती बँक कधीच नव्हती, पण दोन आण्यांची गोष्ट तिचीच ना. फेरी बंद, मग त्यांनी फोन करायला सुरुवात केली. एकशे चाळीस-पन्नास खाती, रोज दहा-पंधरा जणांना फोन. पैशाचं काही नाही, बरे आहात काय, रेशन मिळालं काय. गोव्याची भाजी बेळगावातनं जाते, चोर्ला घाटातनं, ती थांबली तर गोव्यात भाजी नाही आणि इथं कोबी शेतात, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. आक्काची सून त्या दिवसांत गल्लीगल्लीत हातगाडी फिरवायला शिकली. कापडाच्या दुकानातला पोरगा मास्क शिवायला लागला. आणि शहापुरातल्या एका विणकर बाईनं, तिच्या घरात तयार साड्या पडून होत्या, मुलीच्या मोबाईलवरनं फोटो काढून व्हॉट्सॲपला टाकले. पुण्या-मुंबईकडच्या बायकांनी घेतल्या. आता ती व्यापाऱ्याकडं निम्म्याच साड्या देते, बाकीच्या स्वतः विकते, कुरिअरचे बॉक्स बाबांनीच पहिल्यांदा नेऊन दिले होते.

रस्त्यावर बसणाऱ्या विक्रेत्यांना सरकारच्या स्वनिधी योजनेचं दहा हजारांचं लोन १ जून २०२० पासून सुरू झालं. आक्कानं घेतलं. हप्ता महिन्याला भरायचा, आणि महिन्याचा हप्ता म्हणलं की तिच्या पोटात गोळा, कारण तिचं सगळं आयुष्य दिवसाच्या हिशोबात. बाबांनी मार्ग काढला, रोज तीस रुपये पिग्मी, महिन्याला त्यातनंच हप्ता. वर्षात फिटलं, मग वीस हजारांचं घेतलं. सरकारी योजना वाईट नाही, चांगलीच आहे, पण ती महिन्याच्या भाषेत बोलते आणि बाजार दिवसाच्या भाषेत बोलतो, मधी कुणीतरी दुभाषी लागतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि आता स्कॅनर. गणपत गल्लीत कोथिंबिरीच्या पेंडीलाही लोक फोन काढतात, पैसे आल्याचं मशीन बोलून सांगतं. सोय आहेच. पण संध्याकाळी गल्ल्यात रोख नाही. आधी दिवसभराच्या नोटा समोर दिसायच्या, त्यातली एक उचलून पिग्मीला द्यायची, घरी जायच्या आत. आता पैसे खात्यात, आणि खात्यातनं रिचार्ज, हप्ते, पोरांच्या ऑनलाईन वस्तू, कळायच्या आत जातात. दोन वर्षांत बाबांची चाळीसेक खाती बंद झाली. तरुण दुकानदार म्हणतात, काका ॲपमध्येच आरडी आहे, आपोआप कटतंय. बरोबरच आहे त्यांचं. पण मी हिशोबातली आहे, आमच्याच कंपनीतल्या पोरांचं बघते, आपोआप कटणारी आरडी तिसऱ्या महिन्यात बॅलन्स नाही म्हणून बाउन्स होते आणि कुणी विचारायला येत नाही की काय झालं रे.

बाबांनीही क्यूआर घेतलाय, बँकेचा, पिशवीच्या आत चिकटवलेला. फोनवर पैसे, मशीनमधनं स्लिप, वर एसएमएस.

त्या शनिवारी राहवलं नाही म्हणून मी रेनकोट घालून मागं गेले. गणपत गल्लीत गाठले. आक्का आता बसत नाही, तिच्या जागी सून बसते, पण शनिवारी आक्का येते, नुसती मागं बसून लसूण सोलत. पावसामुळं गिऱ्हाईक कमी, प्लास्टिक डोक्यावर धरून सगळ्या बायका बसलेल्या. सुनेनं फोननं पन्नास पाठवले, मशीननं स्लिप काढली, झालं. तेवढ्यात आक्कानं ब्लाऊजमधनं प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात तिचं स्वतःचं कार्ड, जुन्या पद्धतीचं, पिवळं पडलेलं, बँकेनं ते छापायचं कधीच बंद केलंय. दहाची नोट पुढं केली.

"मशीनात घ्या वो, पण हितं पण लिवा."

बाबांनी छत्री माझ्या हातात दिली, चष्मा पुसला, आणि पेन शोधायला पिशवीची चेन उघडली.